वहिनीची खुर्ची

सकाळपासून वारा सुटला होता. साधासुधा नव्हे. दारं आपटणारा, डोळ्यांत धूळ फेकून वर 'कसं काय?' विचारणारा. इस्पितळाच्या मागच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पोटपट्ट्या अशा फडफडत होत्या, की जणू बालवाडीची रांगच 'बाई मी, बाई मी' करत हात वर करतेय. वहिनी दातांत चिमटे धरून एकेक पट्टी काढत होती आणि सवयीने उजेडाकडे धरून बघत होती. शिवण उसवलीय का, डाग राहिलाय का, ताण सैल पडलाय का. पण आज हात पट्टीवर आणि जीव खालच्या मजल्यावर, अशी गत होती. तोंडातल्या चिमट्यासकट ती स्वतःशीच पुटपुटली, "एकदाचा लागू दे निकाल!"

निकाल होता खुर्चीचा.

खाली, लांबलचक ओसरीच्या टोकाला मुलांच्या झोपेचं खातं होतं. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, जी घोरतात, उठल्यावरही दमलेली असतात, वर्गात पेंगतात नाहीतर दिवसभर सगळ्या जगावर गुरकावत फिरतात, अशी पोरं तिथे दुपारची झोप काढायला यायची. नाकाशी बारीक नळी, पायाच्या बोटाला लाल दिव्याचा चिमटा आणि पोटावर ही मऊ, ताणली जाणारी पट्टी. नाक, पोट आणि बोट, तिघांच्या तीन रेघा पलीकडच्या खोलीतल्या पडद्यावर सरकत राहायच्या. नाकाची रेघ सांगणार, हवा आत-बाहेर होतेय का. पोटाची सांगणार, पोर श्वास ओढायला धडपडतंय का. आणि बोटाची सांगणार, रक्तात प्राणवायू पोचतोय का.

खात्यातलं संशोधन होतं ते या पट्टीवरच. नळ्या, तारा, इस्पितळाचा पलंग हे सगळं वगळून नुसती पट्टी घरी नेता आली तर? आईनं स्वतःच्या हातानं बांधावी, पोरानं स्वतःच्या अंथरुणात झोपावं, आणि कुणाचा श्वास अडकतोय ते तरीही कळावं. पण पट्टीला ते कळायचं तर आधी माणसांनी शेकडो पोरांच्या रेघा वाचून तिला शिकवायला हवं होतं. त्यासाठी होत्या दोन खुर्च्या. दोन वाचणाऱ्या माणसांनी एकाच झोपेच्या रेघा वेगवेगळ्या बसून वाचायच्या, जिथे श्वास अडकला तिथे खूण करायची, आणि मग दोघांच्या खुणा जुळवून बघायच्या.

पहिल्या खुर्चीत बसायची वहिनीची नणंद. दुसरी खुर्ची रिकामी होती.

वहिनीला सगळं इस्पितळ वहिनीच म्हणायचं, कारण नणंदेनं तिला पहिल्या दिवशी 'ही माझी वहिनी' एवढंच सांगून आणलं, आणि पुढे नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. झाडणारी म्हणायची वहिनी, औषधाच्या खिडकीतला म्हणायचा वहिनी, आणि खात्याचे प्रमुख, पांढऱ्या मिशांचे, वहिनीच्या बापाच्या वयाचे, तेसुद्धा म्हणायचे वहिनी. या प्रमुखांना सगळे जांभई सर म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेवर काम करून त्यांची स्वतःची झोप कायम उधारीवर. बोलताना मध्येच एवढी मोठी जांभई द्यायचे, की समोरच्यालाही यायची आणि मग दोघंही काय बोलत होतो ते विसरायचे.

त्याआधी वहिनी कापडाच्या गिरणीत होती. तपासणी खात्यात. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून कापड सरकतंय, आणि वहिनीची नजर त्यावर. धागा तुटला, गाठ आली, वीण विरळ झाली, की बोट टेकवायचं. लग्नाआधीपासून ती तेच करत आली होती. पुढे गिरणी बंद पडली आणि तिची नजर बेकार झाली. घरात बसून ती पडद्यांच्या शिवणी तपासू लागली, सासूबाईंच्या विणकामातले सुटलेले टाके दाखवू लागली, आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या नवऱ्याला त्यानं घासलेल्या काचेवरचे ओरखडे. शेवटी नवराच बहिणीला म्हणाला, "ताई, हिला कुठेतरी चिकटव गं. नाहीतर ही माझ्याच तोंडावरच्या सुरकुत्या मोजायला घेईल."

तशी ती चिकटली. पट्ट्या धुवायला, उसवलेल्या शिवायला. पण पट्ट्या द्यायला खाली आली की रेघांच्या पडद्यासमोर पाय घुटमळायचे. रेघा सरकतायत, अगदी कापडासारख्या. एकदा न राहवून तिनं बोट टेकवलं. "इथे तुटलाय ना हो?" सरांनी बघितलं, जांभई दिली, आणि म्हणाले, "वहिनी, शिकणार का?"

शिकली. अभ्यास केला, चुकली, परत शिकली. आणि पहिल्या परीक्षेत सपशेल आपटली. कारण गिरणीची नजर! तिला जिकडेतिकडे दोषच दिसायचे. पोरानं उसासा टाकला, कर खूण. कूस बदलली, कर खूण. तिच्या हिशेबानं शहरातलं एकही पोर धड श्वास घेत नव्हतं. नणंदेनं सगळं बघून कपाळाला हात लावला होता. "वहिनी, मूल म्हणजे कापडाचा तागा नव्हे गं. मुलात गाठी असायच्याच. तू सगळ्या उकलायला निघालीस तर मूल कुठे उरेल?"

वाक्य वहिनीच्या काळजात रुतलं, आणि कामीही आलं. सोडून द्यायला शिकायला तिला महिने लागले. आता ही दुसरी परीक्षा, आणि शेवटची. सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. खुणा जुळल्या तर खुर्ची, नाही जुळल्या तर दुसरं माणूस बघावं लागेल, काम खोळंबलंय. म्हणजे वहिनी परत गच्चीवर, दोरीपाशी.

यातली खरी गंमत मात्र वेगळीच होती. खात्याचा नियम असा, की दोन्ही वाचणाऱ्यांचं वाचून होईपर्यंत एकमेकींशी त्या रेघांबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. आणि या दोघी एका घरात, एका ओट्यापाशी! आठवडाभर दोघींनी जिभेला कुलूप घातलं होतं. रेघांचा विषय नको म्हणून त्या हवेबद्दल बोलायच्या, मग हवेवरून श्वास आठवायचा आणि दोघी एकदम गप्प व्हायच्या. सासूबाईंना वाटलं, भांडण झालं. त्यांनी लेकीला एकटीला गाठून विचारलं, सुनेला एकटीला गाठून विचारलं, दोघी म्हणाल्या, "काही नाही हो!" त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. नवरा म्हणायचा, "घरात दोन पंच, आणि मॅच कुठली चाललीय ते आम्हाला कळायची सोय नाही."

आज सकाळी दारातून निघताना नणंद चप्पल घालता घालता एवढंच म्हणाली, "वहिनी, खाऊन निघ हं. रिकाम्या पोटी हरू नये."

"आणि जिंकू नये का?"

"ते तुझं तू बघ. मी कुठे काय बोलले?"

वहिनी पट्ट्यांची टोपली कंबरेवर घेऊन खाली आली तेव्हा सर पडद्यासमोर बसून चष्मा पुसत होते. नणंद शेजारी, हाताची घडी घालून, चेहरा असा की भिंतीलासुद्धा काही कळू नये.

"या वहिनी," सर म्हणाले. "टोपली ठेवा. बसा."

वहिनीनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि बाजूच्या स्टुलावर बसली.

पडद्यावर वरच्या अर्ध्यात नणंदेच्या खुणा, खालच्या अर्ध्यात वहिनीच्या. सरांनी पहिलं पोर उघडलं. खुणा एकाखाली एक, आरशात बघावं तशा. दुसरं पोर, तेही तसंच. तिसऱ्यात वहिनीची एक खूण जास्त होती, पण सर म्हणाले चालतंय. वहिनीचा श्वास मोकळा व्हायला लागला. पुढचं जुळलं, त्याच्या पुढचं जुळलं, आणि एका ठिकाणी तर नणंदेचीच एक राहून गेलेली होती. वहिनीनं हळूच तिच्याकडे बघितलं. नणंद छताकडे बघत म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली."

वहिनीला हसू आवरेना. हत्ती गेला होता, आता शेपूट तेवढं राहिलं होतं. शेवटचं पोर.

सरांनी ते उघडलं आणि त्यांची जांभई अर्ध्यातच थांबली.

खाली वहिनीच्या खुणाच खुणा. 'श्वास अडकला, श्वास अडकला, श्वास अडकला.' वर नेमक्या त्याच जागी नणंदेनं लिहिलेलं, 'पट्टी सरकली, धरू नये.' एकही जुळत नव्हती. आणि या सगळ्या खुणा धरल्या, तर आत्तापर्यंत जमवलेलं सगळं पाण्यात.

उजेडाकडे धरलेली पट्टी, दोरी, चिमटे, सगळं वहिनीच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"दोघींनीही कारण सांगा," सर म्हणाले. "आधी वहिनी."

वहिनी उठून पडद्यापाशी गेली. तिनं रेघेवर बोट टेकवलं. "हे बघा सर. ही नाकाची रेघ. चांगली वरखाली चाललीय, आणि इथे एकदम सपाट. हवा नाहीच. आणि त्याच वेळी पोटाची रेघ बघा, करवतीचे दात असावेत तशी. म्हणजे पोट झटापट करतंय, पण गळा बंद. मग एक मोठा श्वास, आणि परत सुरळीत. परत थोड्या वेळानं तेच. आणि वन्सं म्हणतात पट्टी सरकली. सरकलेली पट्टी दर वेळी आपणहून जाग्यावर येते होय? माझ्या हातची शिवलेली पट्टी आहे ती! नाचता येईना अंगण वाकडं."

"आता मी," नणंद उठली. गप्प राहण्याचे दिवस संपले होते, आणि ती आठवड्याचं एकदम बोलली. "बोटाची रेघ बघितलीस का? हललीय का केसभर तरी? पोराचा गळा एवढ्यांदा बंद झाला असता तर प्राणवायू उतरला असता की नाही? या खात्यात यायच्या आधी मी वॉर्डात अशी पोरं मांडीवर घेऊन बसलेय, वहिनी. ओठ निळे होतात. ही रेघ म्हणजे मजेत झोपलेल्या पोराची आहे. काहीतरी हललं, सरकलं, झालं."

"मजेत? ह्या करवतीला तुम्ही मजा म्हणता?"

"आणि तू ह्याला आजार म्हणतेस?"

"वन्सं, तुम्हाला सगळं बरंच दिसतं!"

"आणि तुला सगळं फाटकंच!"

सरांनी दोन्ही हात वर केले. बोललं ते दोघींचंही खरं होतं, हीच अडचण होती. आणि या पोराचं घोडं तिथेच अडलेलं होतं. वहिनीच्या खुणा धरल्या तर त्याला गळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पाठवावं लागणार होतं. नणंदेच्या धरल्या तर नुसतं नाकातलं औषध.

"चित्र उघडू," सर म्हणाले.

प्रत्येक झोपेचं चित्रण असायचं, आवाजासकट, पण वाचताना ते बंद ठेवायचं हा इथला कडक शिरस्ता. कारण माणसाला तोंड दिसलं की माणूस रेघ वाचत नाही, तोंड वाचतो. गुबगुबीत पोर दिसलं की 'हे घोरणारच' म्हणून खुणा वाढतात, हसरं दिसलं की कमी होतात. म्हणून दोघींचं वाचून झाल्यावर, आणि तरीही भांडण मिटत नसेल तरच, चित्र उघडायचं.

पडद्यावर एक पोरगा आला. चार-पाच वर्षांचा, कपाळावर आठी, झोपेतसुद्धा कुणाशी तरी वाकडं असल्यासारखा. खाली रेघा सरकत होत्या. नाक वरखाली, पोट वरखाली. वहिनी खुर्चीची पाठ धरून पुढे वाकली. करवत जवळ येत होती.

आली. नाकाची रेघ सपाट झाली.

आणि पोरगा हसला.

आधी कपाळावरची आठी गेली. मग नाकाचा शेंडा सुरकुतला, तोंड उघडलं, आणि पोट खदखद हलायला लागलं. सरांनी घाईघाईनं आवाज मोठा केला. खिक्. खिक्खिक्. खिक्खिक्खिक्. मग एक लांब श्वास आत, आणि परत शांत झोप, जसं काही झालंच नाही.

सरांनी मागे नेऊन परत लावलं. खिक्खिक्खिक्.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "हा तर हसतोय!"

"हसतोय मेला," नणंद म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. ती हसली म्हणून वहिनी हसली, वहिनी हसली म्हणून सर. हसता हसता नणंदेला ठसका लागला. झाडणारी दारातून डोकावली आणि काय झालं ते न विचारताच हसायला लागली.

पुढची खूण काढली, तिथेही हसू. त्याच्या पुढची, तिथेही. जिथे जिथे वहिनीनं 'श्वास अडकला' लिहिलं आणि नणंदेनं 'पट्टी सरकली' लिहिलं, तिथे तिथे तो पठ्ठ्या झोपेत खिदळत होता. तोंड उघडलं की नाकातली हवा बंद, आणि हसण्यानं पोट गदगदतंय. रेघ खोटं बोलत नव्हती. तिला विचारणाऱ्यांनाच हसणं सुचलं नव्हतं.

सर डोळे पुसत एकदम गंभीर झाले. मग उठून उभेच राहिले. त्यांना असं ताडकन उठताना दोघींनी कधी पाहिलं नव्हतं.

"अरे, पण आपण पट्टीला काय शिकवत होतो?" ते म्हणाले. "नाक आणि बोट घरी नसणार. घरी नुसतं पोट. ही करवत म्हणजे झटापट, असंच आपण तिला सांगणार होतो! घराघरांतली हसरी पोरं रांगेनं गळा कापून घ्यायला आली असती. अहो, आपण पट्ट्या घरी पाठवणार होतो या महिन्यात!"

"मग आता?" नणंदेनं विचारलं.

"आता हसण्याची खूण वेगळी. पण आधी बघायला हवं, रेघेवरून हसणं ओळखता येतं का. नुसत्या रेघेवरून. चित्र न बघता."

हे तर वहिनीचं पूर्वीचंच काम होतं! गिरणीतही असंच व्हायचं. नवा दोष सापडला की आधी त्याला नाव नसायचं, मग एकदा नाव मिळालं की तो जिकडेतिकडे दिसायला लागायचा. "सर," ती म्हणाली, "जुनी एखादी झोप लावा. चित्र बंद ठेवा. मी सांगते कुठे हसलं ते."

"मीही सांगते," नणंद म्हणाली. "एकटीनं काय म्हणून?"

जुनी झोप लागली. दोघी पडद्याला नाक लावून उभ्या, खांद्याला खांदा. रेघा सरकल्या. वहिनीनं झडप घातली, "इथे! इथे हसलंय!"

चित्र उघडलं. एक गोबरी पोर झोपेत उचकी देत होती. हुक्. हुक्.

"अगं, ही उचकी!" नणंदेनं टाळी वाजवली. "झालं, आता उचक्यांवरही शस्त्रक्रिया करा."

वहिनीचे कान लाल झाले. पण तिनं तो तुकडा परत मागे नेला, परत बघितला, बोटानं हवेत रेघ काढून बघितली. "उचकीचे दात एकसारखे पडतात," ती पुटपुटली. "शिलाई मशीनसारखे. हसण्याचे तसे नव्हते. आधी मोठे, मग बारीक बारीक होत गेलेले. धागा संपत आल्यासारखे. आणि शेवटी लांब ओढ. थांबा, दुसरं लावा."

दुसरं लावलं. बराच वेळ काहीच नाही. वहिनी पापणी लवू देत नव्हती. मग हळूच तिचं बोट पडद्याला टेकलं, पण या वेळी ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मोठे, बारीक, बारीक... ओढ. हसलं."

नणंदेनंही बघितलं. डोळे बारीक केले. "हसलं," ती म्हणाली. "बोट पण शांत आहे. हसलंच."

चित्र उघडलं. दोन वेण्यांची एक मुलगी, उशीत अर्धं तोंड खुपसून, खुदुखुदु हसत होती.

मग काय विचारता! जांभई सर जांभई विसरले. पुढचं लाव, त्याच्या पुढचं लाव. दोघी एकमेकींच्या आधी बोट ठेवायला धडपडत होत्या, एकमेकींचे हात बाजूला सारत होत्या. एकदा नणंद चुकली, पोर खोकलं होतं. एकदा दोघी मिळून चुकल्या, पोराच्या पोटावर घरची बाहुली नाचत होती, कारण शेजारी बसलेली आजी ती नाचवत होती. पण बाकी हसू पकडलं जात होतं. रोज डोळ्यांखालून जाणाऱ्या त्या कंटाळवाण्या रेघांमध्ये इतकी खिदळ दडलेली होती, आणि आजवर कुणी ती ऐकली नव्हती! वहिनीला वाटलं, धावत गच्चीवर जावं आणि ओरडून सांगावं. कुणाला? वाऱ्याला, झालं.

मग तिला खुर्ची आठवली, आणि ती एकदम जमिनीवर आली.

"सर," तिनं विचारलं, "माझ्या खुणा तर चुकल्याच की. श्वास अडकला नव्हता."

सर काही बोलणार, तेवढ्यात नणंद म्हणाली, "मग माझ्याही चुकल्या. पट्टी कुठे सरकली होती? वहिनीची खुर्ची काढणार असाल तर माझीही काढा. दोघी मिळून पट्ट्या धुतो. घरी आई तरी म्हणेल, भांडण मिटलं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. सकाळपासून भिंतीसारखा ठेवलेला चेहरा आता भिंतीसारखा राहिला नव्हता.

सर खाली बसले. "वहिनी, जे उत्तर आपल्या यादीतच नव्हतं, ते तुम्ही दिलं नाही म्हणून नापास कसं करू? या पोरापुरता आकडा मी धरत नाही. बाकीच्या तुमच्या जुळल्यात. आणि एक सांगू? तुम्ही दोघी जर एकसारखं चुकला असता, दोघींनी पट्टी सरकली म्हटलं असतं, तर हे चित्र कुणी उघडलंच नसतं. भांडलात म्हणून सापडलं. मला दोन सारख्या नजरा नकोतच." मग त्यांना सवयीची जांभई आली, आणि त्यातूनच ते म्हणाले, "स्टूल काय घेऊन बसलात? खुर्ची आहे ना."

वहिनी बसली. खुर्ची करकरली. एक चाक वाकडं होतं, हे तिच्या तत्काळ लक्षात आलं, पण तिनं ते सोडून दिलं.

दुपारी त्या पोराची आई आली. शहरबस चालवणारी बाई, खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, कामाची पाळी संपवून थेट आलेली. पोरगं तिचं बोट धरून, कपाळावर तीच आठी. बाईनं खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "कापायचा का गळा? एकदाचं सांगून टाका. ब्रेक दाबून दाबून पाय दुखतो तसा जीव दुखतोय माझा."

"नाही कापायचा," सर म्हणाले. "आत्ता तरी नाही. नाक चोंदतं, म्हणून घोरतो आणि झोप मोडते, पण श्वास बंद पडत नाही. नाकात औषध घालायचं, आणि काही आठवड्यांनी परत बघू. घोरणं वाढलं, ओठ निळसर दिसले, तर मात्र लगेच यायचं."

बाई धपकन बसली. मग म्हणाली, "पण हा असा का वागतो हो? दिवसभर चिडचिड. हे नको, ते नको. माझ्याशी तर बोलतच नाही धड. पूर्वी किती हसायचा."

वहिनीनं सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. "झोप पुरी होत नाही ना, त्यानं चिडतो," ते म्हणाले. "वहिनी, दाखवा."

वहिनीनं आपल्या खुर्चीवरून हात पुढे केला आणि चित्र लावलं. पडद्यावर आठी गेली, नाक सुरकुतलं. खिक्. खिक्खिक्खिक्.

बसवाली बाई दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत राहिली. डोळ्यांतून पाणी आणि ओठांवर हसू, दोन्हीला एकदमच वाट हवी होती. "हाच," ती म्हणाली. "अगदी हाच. असाच हसायचा. अहो, आहे की अजून आत! परत लावा ना. आवाज मोठा करा."

पोरगं पडद्याकडे रागानं बघत होतं.

"मी नाही हसलो," ते म्हणालं.

"मग हा कोण?" वहिनीनं विचारलं.

"हा दुसरा कुणीतरी."

"हो का? काय नाव त्याचं?"

पोरगं विचारात पडलं. मग त्याच्या नाकाचा शेंडा जरासा सुरकुतला. नणंदेनं वहिनीला कोपरानं ढोसलं. पण ते सावरलं, आठी परत जाग्यावर बसवली, आणि आईच्या शर्टात तोंड लपवलं. शर्टाच्या आत काय झालं, ते खांद्यांवरून कळत होतं. मोठे, बारीक, बारीक... ओढ.

बाई जाताना दारातून परत वळली आणि वहिनीला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आभार."

"मी डॉक्टरीण नाही हो. मी वहिनी."

"कुणाची?"

"आता सगळ्यांचीच," नणंद मधेच म्हणाली.

संध्याकाळी वारा पडला. सर कुणाला तरी फोनवर हसण्याची रेघ समजावून सांगत होते, आणि मध्ये मध्ये स्वतःच खिक्खिक् करून दाखवत होते. वहिनीनं खुर्ची आत सारली, आणि कोपऱ्यातली टोपली उचलली. आज झोपलेल्या पोरांच्या पट्ट्या त्यात पडल्या होत्या, कुणाच्या लाळेच्या, कुणाच्या घामाच्या.

"आता कशाला?" नणंद म्हणाली. "खुर्चीवालीनं पट्ट्या धुवायच्या नसतात."

"मग उद्या पोरांच्या पोटावर काय बांधणार? तुमची ओढणी?"

"आईला काय सांगायचं ते ठरव आधी. आठवडाभर तिनं शेजारणीला सांगितलंय, माझ्या घरात दोघी बोलत नाहीत म्हणून."

"चला, मग पिळता पिळता ठरवू."

वहिनीनं प्रत्येक पट्टीच्या खिशातली तार काढून बाजूला ठेवली, बादलीत साबण टाकला, बाह्या वर केल्या, आणि हात घालून फेस करायला लागली. नणंद समोर उकिडवी बसून पट्ट्या पिळत होती. पहिली पट्टी पिळून झाली तशी वहिनीनं ती तिच्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली.

"इथे डाग राहिलाय, वन्सं."